सरकार, कंपनी आणि गाव: हवामानाच्या कामासाठी भागीदारी कशी उभी करायची?

२०२३ च्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यात असा पाऊस झाला की महागाव तालुक्यात पाण्याने वेढलेल्या लोकांना काढायला हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. नाल्याकाठची वावरं खरडून गेली. त्याच जिल्ह्यात उन्हाळा लागला की टँकरची मागणी सुरू होते. पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो, मधे मोठा खंड पडतो, आणि कपाशी-सोयाबीनवाल्याला दोन्हीकडून मार बसतो. हे आता एखाद्या वर्षापुरतं राहिलेलं नाही.

काय करायला हवं, हे गावात बहुतेकांना माहीत असतं. तलावातला गाळ काढायचा, नाला रुंद करायचा, पंपाला दिवसा वीज मिळवायची, संत्रा आणि भाजीपाला ठेवायला थंड जागा उभारायची, पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कपाशीची वाळलेली झाडं) जाळायचं थांबवायचं. अडतं ते पैशापाशी. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, सरकारी योजना खर्चाचा एक तुकडा उचलते, आणि जवळच्या कंपनीकडे पैसा असला तरी तो गावापर्यंत येण्याची वाट कुणी आखलेली नसते. सार्वजनिक-खाजगी भागीदारी म्हणजे ही वाट आखणं. हा शब्द मेट्रो आणि महामार्गांसाठीच आहे असं वाटतं, पण तीन-चार हजार वस्तीच्या गावालाही तो लागू पडतो.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक आणि बचत गटांच्या प्रभागसंघातल्या ताई यांना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. माझं ठाम मत आधीच सांगतो: पैसा मिळवणं हा यातला सोपा भाग आहे. उद्घाटनाच्या दिवशी सगळेच हजर असतात. पाचव्या वर्षी मोटर जळाली किंवा बांध फुटला तर खर्च कुणी करायचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर आणणं अवघड आहे, आणि बहुतेक भागीदाऱ्या तिथेच मोडतात.

पायरी १: काम कमावतं की नाही, ते आधी ठरवा

योजना पाहून काम ठरवू नका. आधी काम घ्या आणि त्याला एकच प्रश्न विचारा: उभं राहिल्यावर हे दरवर्षी पैसे देणार का?

सौर प्रकल्प, शीतगृह, पऱ्हाटीपासून ब्रिकेट किंवा पेलेट (जळणासाठी दाबून केलेल्या विटा किंवा गोळ्या) करण्याचा कारखाना, अवजार बँक ही कमावणारी कामं. इथे खाजगी भागीदार स्वतःचा पैसा गुंतवतो आणि कमाईतून परत घेतो. अशा कामासाठी दान मागू नका, भागीदार शोधा.

दुसरी कामं थोडं कमावतात, पण त्यावर कर्ज फिटत नाही. सामूहिक पाणी उपसा किंवा गावचं शुद्ध पाणी केंद्र यांत मोडतं. उभारणीचा खर्च अनुदानातून किंवा कंपनीच्या सामाजिक निधीतून (सीएसआर) आणि चालवण्याचा खर्च पाणीपट्टीतून, अशी विभागणी इथे चालते.

तिसरी कामं एक रुपयाही कमावत नाहीत, पण त्यांच्यावाचून बाकी सगळं वाहून जातं: गाळ काढणं, नाला खोलीकरण, माथ्यावरचे समतल चर, धुऱ्यावरची झाडं. यात कोणी गुंतवणूकदार येणार नाही. सरकारी योजना, सामाजिक निधी आणि लोकवर्गणी हेच तीन आधार.

या तीन टोपल्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. गुंतवणूकदाराकडे जाऊन नाला मागितला तर तो हसून चहा पाजतो. सामाजिक निधीवाल्याकडे जाऊन नफ्याचा हिशेब मांडला तर त्याचे हात कायद्याने बांधलेले असतात. सीएसआरच्या प्रकल्पातून शिल्लक राहिली तरी कंपनीला ती स्वतःच्या नफ्यात धरता येत नाही, पुन्हा सामाजिक कामातच लावावी लागते.

तुमच्या शिवारात आधीच काय चालू आहे, ते पाहा

भागीदारी म्हणजे कुठलीतरी परकी गोष्ट नाही. तुमच्या महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र ‘महावेध’ प्रकल्पातलं असेल, तर तीही सार्वजनिक-खाजगी भागीदारीच आहे. २०१७ पासून राज्यात अशी दोन हजारांवर केंद्रं उभी राहिली. जागा सरकारने दिली, यंत्रं स्कायमेट या कंपनीने स्वतःच्या खर्चाने बसवून चालवली, आणि हवामानाच्या माहितीतून ती आपला खर्च काढते. या केंद्राचा आकडा पीक विम्यात आणि नुकसानीच्या पंचनाम्यात वापरला जातो. पुढे करारातही तो आपल्या कामी येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गाला भरावासाठी माती-मुरूम हवा होता आणि गावांना तलाव-नाले खोल करून हवे होते. महामार्गाच्या कंत्राटदाराने तलाव खोदले, माती रस्त्याला नेली, आणि गावांना पाणीसाठा जवळपास फुकटात मिळाला. हा ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखला जातो. त्याच जिल्ह्यात २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने जेसीबी-पोकलेन दिले आणि सरकारने डिझेल भरलं. दोन्ही ठिकाणी प्रत्येकाने स्वतःजवळ असलेली वस्तू आणली. रोख रक्कम फार थोडी फिरली.

सौर ऊर्जेतही विदर्भ सुरुवातीपासून आहे. शेतीच्या वाहिन्या सौर ऊर्जेवर चालवण्याचे पहिले पथदर्शी प्रकल्प अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबी इथे ठरले. पुढे त्यातूनच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना वाढली.

पायरी २: जमीन आणि ठराव

कुठलाही भागीदार पहिली गोष्ट विचारतो ती जागेची. सातबारा आणि आठ-अ काढा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. बँकेचा बोजा, जुना वाद, कुळाची नोंद, सगळं तिथे असतं. गायरान असेल तर मालकी सरकारची, ग्रामपंचायतीकडे फक्त व्यवस्था, त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ते कोणाला देता येत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या जागेचाही दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या मंजुरीनेच होतो. गडचिरोली, मेळघाटासारख्या भागात सामूहिक वनहक्क असतील तर निर्णय ग्रामसभेचा. २००९ मध्ये मेंढा-लेखाला हा हक्क मिळाला, त्यानंतर अनेक गावांनी तो मिळवला आहे.

एक सूचना फार कळकळीची आहे. गायरानावर कोणाची गुरं चरतात, कोण सरपण आणतं, कोणाचं अतिक्रमण आहे, याची यादी कंपनी येण्याआधी तयार करा. भूमिहीन कुटुंबांचा आणि बकऱ्या राखणाऱ्यांचा आधार तेच असतं. त्यांना चराईची दुसरी जागा कुठे, हे ठरल्याशिवाय ठराव घेऊ नका. असा ठराव मंजूर झाला तरी काम सुरू होताना विरोध होतो, आणि तो विरोध न्याय्य असतो.

ठरावाची भाषा मोघम नको. ‘कंपनीस सहकार्य करण्यात यावे’ या ओळीने काही साधत नाही. काम काय, गट क्रमांक कोणता, किती क्षेत्र, किती वर्षं, गावाचा वाटा किती, देखरेखीची समिती कोणती, हे सगळं ठरावात यावं. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्या. पाणी आणि सरपण यांचं ज्ञान बायकांकडे जास्त असतं, ते इतिवृत्तात उतरू द्या.

पायरी ३: आकडे स्वतः मोजा

‘तलावात भरपूर गाळ आहे’ या वाक्यावर कोणी पैसे देत नाही. मे महिन्यात तलाव आटला की पाच-सहा पोरांना घेऊन मोजणी करा. समजा गाळाचा पसारा २ हेक्टर आहे. दोरी लावून दर २० मीटरवर खुंटी ठोका, साधारण ५० ठिकाणं होतील. प्रत्येक ठिकाणी लोखंडी सळई खाली घट्ट थर लागेपर्यंत ठोकायची, जिथपर्यंत गेली तिथे खडूने खूण करायची, आणि काढून टेपने मोजायची. सगळ्यांची सरासरी काढा. ती १ मीटर आली तर गाळ झाला २०,००० घनमीटर. म्हणजे २ कोटी लिटर पाण्याची जागा.

आता खर्च. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेच्या २०२३ च्या शासन निर्णयात यंत्र आणि इंधनासाठी घनमीटरला ३१ रुपये धरले आहेत. २०,००० घनमीटरला ६ लाख २० हजार. गाळ शेतात नेऊन पसरवण्यासाठी अल्पभूधारक, लहान शेतकरी, विधवा आणि दिव्यांग शेतकरी यांना घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५ हजारांच्या मर्यादेत आणि अडीच एकरापर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये मिळतात. एकरी साधारण ४०० घनमीटर धरा. ब्रासमध्ये सांगायचं तर १४० ब्रास, वावरात पसरल्यावर चार इंच थर. म्हणजे हा तलाव रिकामा करायला ५० एकर जमीन तयार हवी. पन्नास एकरांची नावानिशी यादी नसेल तर गाळ काठावरच ढिगाने पडतो आणि पहिल्या पावसात पुन्हा तलावात उतरतो.

ही यादी, हे पन्नास आकडे आणि चारही बाजूंचे फोटो जोडलेला अर्ज टेबलावर गेला की समोरच्याचा सूर बदलतो. काम झाल्यावर पुन्हा त्याच खुंट्यांवर मोजा. पुराव्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

दोन गोष्टी टाळा. तलावाचा मूळ तळ ओलांडून खाली जाऊ नका, आणि वाळू लागली तर काम थांबवा, कारण या योजनेत वाळू उपशाला परवानगी नाही. नाला खोल करायचा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून भूवैज्ञानिकाचं मत घ्या. चुकीच्या जागी खोल खोदलं तर काठच्या विहिरीचं पाणी नाल्यात उतरतं.

पायरी ४: पैशाचे थर लावा

एकाच ठिकाणाहून सगळा पैसा आणायचा हट्ट सोडा.

सर्वात खालचा थर सरकारी योजनांचा. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यातून २०१८ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा हे विदर्भातले सहा जिल्हे होते, पूर्णेच्या खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची (जिथे जमिनीखालचं पाणी खारट आहे) ९३२ गावंही त्यात धरली होती. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे आहेत आणि विदर्भातले सगळे अकरा त्यात येतात. गाव यादीत आहे का, ते तालुका कृषी कार्यालयात पाहा. मजुरीची कामं रोजगार हमीत घ्या. चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ, गडचिरोलीत गाव खाणबाधित असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे अर्ज करा. हा निधी खाणमालकांनी भरलेल्या रकमेतून येतो आणि पिण्याचं पाणी व पर्यावरण हे त्यातले अग्रक्रमाचे विषय आहेत. अनेक गावं हा अर्ज करतच नाहीत, हे पाहून वाईट वाटतं.

दुसरा थर कंपन्यांच्या सामाजिक निधीचा. त्यावर पुढच्या पायरीत.

तिसरा थर कर्जाचा, आणि तो फक्त कमावणाऱ्या कामाला. शेतकरी उत्पादक कंपनीला शीतगृह किंवा प्रतवारी केंद्र उभारायचं असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षं ३ टक्के व्याज सवलत मिळते, शिवाय पत हमी असते. ६० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी ही सवलत १ लाख ८० हजार होते.

सर्वात वरचा आणि सर्वात महत्त्वाचा थर गावाचा स्वतःचा. रक्कम लहान असली तरी चालेल. ट्रॅक्टर, श्रमदान, डिझेलची वर्गणी हेही मोजा आणि त्याची किंमत लिहा. स्वतःचा पैसा घातलेलं काम गाव राखतं.

पायरी ५: कंपनीच्या दारात कधी आणि कसं जायचं

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एका रेषेवर किंवा वर आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. स्वतःच्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. बुटीबोरीचे कारखाने, वेकोलि आणि मॉयल या खाण कंपन्या, चंद्रपूरचे सिमेंट कारखाने, वीज प्रकल्प हे तुमच्या परिसरात येत असतील तर तो उल्लेख अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात करा.

वेळ चुकवू नका. कंपनीची सीएसआर समिती वर्षाचा कृती आराखडा ठरवते. एप्रिलच्या आधी, शक्यतो डिसेंबर-जानेवारीत तुमचा प्रस्ताव त्यांच्याकडे हवा. मार्चमध्ये गेलात तर ‘उरलेल्या पैशात काहीतरी करून टाका’ या घाईचं काम मिळतं: एखादी कमान, एखादा फलक.

निधी थेट कोणाच्या हातात पडतो, हे नीट समजून घ्या. कंपनी स्वतः काम करते किंवा सीएसआर-१ नोंदणी (सामाजिक निधीची कामं घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) असलेल्या पात्र संस्थेकडून करून घेते. नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटी असेल तर तिला आयकर सवलतीची १२अ आणि ८०जी ही मान्यता आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव साधारणपणे लागतो. शेतकरी उत्पादक कंपनी नफ्यासाठी असल्याने ती अशी अंमलबजावणी संस्था होऊ शकत नाही. पण सामाजिक निधीतून उभी राहिलेली मालमत्ता लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या, समूहाच्या किंवा सार्वजनिक संस्थेच्या नावावर ठेवण्याची मुभा नियमांत आहे. म्हणून संस्थेशी बोलताना पहिल्याच बैठकीत विचारा: काम संपल्यावर मालकी कोणाची? यंत्र, टाकी, शेड ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत किंवा गटाच्या दप्तरात चढली पाहिजे. ती संस्थेच्याच नावावर राहिली, तर संस्था तालुक्यातून गेली की कुलूप लागतं.

प्रस्ताव चार पानांचा पुरे. अडचण, मोजलेले आकडे, कामाचा खर्च आणि त्यात कोणाचा किती वाटा, देखभाल कोण करणार. फोटो दोनच, पण ठळक.

सौर प्रकल्पासाठी जमीन देताना

सध्या गावागावांत सर्वात जास्त विचारणा याची आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये कंपनी उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारते, महावितरण २५ वर्षं वीज विकत घेते आणि त्या वाहिनीवरच्या शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळते. रात्री पाणी द्यायला जाताना साप-विंचवाची भीती असते, थंडी असते. दिवसाच्या विजेचं मोल शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, हा योजनेतला दर. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षं, एकूण १५ लाखांचं अनुदान.

आता हेच आकडे २५ वर्षांवर पसरून पाहा. ३ टक्के वाढीने पंचविसाव्या वर्षी भाडं होतं हेक्टरी सुमारे २ लाख ५४ हजार. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर आजच्या सव्वा लाखाची किंमत टिकवायला त्या वर्षी ४ लाखांच्या वर लागतील. म्हणजे भाडं आकड्याने वाढेल आणि किमतीने घटेल. कोरडवाहू बरड जमिनीला तरीही हा सौदा चांगला असू शकतो. ओलिताच्या काळ्या जमिनीला मी तो करू नका असंच सांगेन.

दुसरं गणित कंपनीचं. १ मेगावॅट प्रकल्पाला साधारण २ हेक्टर जागा लागते आणि वर्षाला १५-१६ लाख युनिट वीज तयार होते. युनिटला ३ रुपयांच्या आसपास दर धरला तर वर्षाला ४५ ते ५० लाखांची विक्री. त्यातून कर्जाचे हप्ते आणि देखभाल जाते हे खरं, पण जमिनीचं भाडं त्यात जेमतेम पाच टक्के आहे. भाड्याचा दर योजनेने ठरलेला असला तरी बाकीचं बोलायला वाव आहे: पहाऱ्याला आणि पॅनेल पुसायला गावातलीच माणसं, पांदण रस्त्याची दुरुस्ती, कुंपणाबाहेरून पावसाच्या पाण्याला वाट. धुण्याचं पाणी कुठून आणणार, हे नक्की विचारा. एप्रिल-मेमध्ये ते गावच्या विहिरीतून नको.

भाडेपट्टा दुय्यम निबंधकांकडे नोंदवूनच घ्या. नुसत्या स्टॅम्प पेपरवर २५ वर्षांचा करार टिकत नाही. कंपनीला कर्जासाठी तिचे भाडेपट्ट्याचे हक्क बँकेकडे तारण ठेवता येतील, तुमची जमीन नाही, हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या.

पायरी ६: करार, आणि त्यातलं एक कलम

मराठी प्रत मागा आणि वाद झाल्यास मराठी प्रत ग्राह्य धरावी असं लिहा. वादाचं ठिकाण तुमचा जिल्हा असावा, मुंबई-दिल्ली नको. कंपनी विकली गेली तर नवा मालक सगळ्या अटींना बांधील, हेही हवं. वकिलाची फी खर्चात धरा.

पण सर्वात जास्त वेळ नैसर्गिक आपत्तीच्या कलमावर घालवा. इंग्रजी करारात ते ‘फोर्स मेजर’ नावाने शेवटच्या पानांत असतं आणि कोणी वाचत नाही. त्याचा अर्थ एवढाच: पूर, अतिवृष्टी, वादळ आलं तर भागीदार जबाबदारीतून मोकळा. आता महसुली हिशेबात अतिवृष्टी म्हणजे काय? २४ तासांत ६५ मिलीमीटरहून जास्त पाऊस. विदर्भात एका पावसाळ्यात असे दिवस अनेकदा येतात. म्हणजे पावसासाठीच बांधलेला बंधारा पावसाने फुटला तर दुरुस्ती कोणाचीच नाही, असा हा करार होतो. बदलत्या हवामानाशी लढायला काढलेल्या कामात हवामानच पळवाट ठरतं.

म्हणून मोघम शब्द काढून आकडा घाला. मंडळाच्या हवामान केंद्रावर २४ तासांत इतक्या मिलीमीटरपर्यंत पाऊस झाला तर दुरुस्ती पूर्णपणे ठेकेदाराची, त्याच्या वर गेला तर खर्च ठरलेल्या प्रमाणात सगळ्या भागीदारांचा. तो आकडा कामाचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याकडून लेखी घ्या: हा बंधारा किती पावसाला टिकेल असा बांधला आहे? जो आकडा तो देईल, तोच करारात.

जोखीम अशी आकड्यांनी वाटता येते, याचं उदाहरण पीक विम्यात आहे. २०२० मध्ये बीड जिल्ह्यात आलेल्या पद्धतीत भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत कंपनीने द्यायची, वरचा भार राज्याचा. भरपाई कमी झाली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेलं परत करायचं. नफ्यालाही मर्यादा, तोट्यालाही. एवढ्या मोठ्या रकमेत हे जमतं, तर गावच्या बंधाऱ्यातही जमवता येईल.

देखभालीसाठी वेगळं बँक खातं काढा, सरपंच, भागीदार आणि बचत गटाची प्रतिनिधी अशा तिघांच्या सहीने चालणारं. सुरुवातीच्या खर्चातूनच काही रक्कम त्यात मुदत ठेवीत टाका. ५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार येतात. गाळ पुन्हा साचू नये म्हणून तलावाच्या तोंडाशी छोटा बांध दुरुस्त करायला ते कामी येतात.

पऱ्हाटी आणि कार्बन क्रेडिट

औष्णिक वीज केंद्रांना कोळशात काही टक्के जैवइंधन मिसळावं लागतं, त्यामुळे पऱ्हाटी आणि तुराट्यांना मागणी आहे. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर इथल्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पऱ्हाटीच्या ब्रिकेट-पेलेटवर काम झालेलं आहे. फरदड (वेचणी संपल्यावरही पुढच्या बोंडांसाठी उभी ठेवलेली कपाशी) न ठेवता पऱ्हाटी वेळेत उपटली तर गुलाबी बोंडअळीची साखळीही तुटते. पण उत्पादक कंपनीने यंत्र घेण्याआधी खरेदीदाराचा लेखी करार घ्यावा: किती टन, कोणत्या ओलाव्याला काय दर, पैसे किती दिवसांत. माल जानेवारी ते मार्च येतो आणि वर्षभर साठवायचा असतो, म्हणून आगीचा विमा खर्चात धरा.

कार्बन क्रेडिटचे, म्हणजे हवेतला कार्बन कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्राचे, एजंट आता गावात फिरू लागले आहेत. झाडं किंवा शेतीपद्धत यातून क्रेडिट मिळू शकतं, पण मोजणी आणि पडताळणी होऊन पैसा हाती यायला वर्षं जातात. करार वीस-तीस वर्षांचे असू शकतात. तोंडी आश्वासनावर आधार कार्डाची प्रत देऊ नका. विक्रीच्या रकमेतला शेतकऱ्याचा वाटा किती टक्के, पडताळणीचा खर्च कोणाचा, मधे झाड वाळलं किंवा तोडावं लागलं तर दंड कोणाला, ही तीन उत्तरं लेखी नसतील तर सही नको.

पायरी ७: काम चालू झाल्यावर आणि संपताना

ग्रामसभेत दर तीन महिन्यांनी एक पानाचा हिशेब वाचला जावा: किती आले, किती गेले, काय बंद पडलं, कोणी दुरुस्त केलं. तेच पान ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. समितीत एक शिकलेली पोरगी आणि एक म्हातारा शेतकरी असू द्या. एक ॲपवरची नोंद तपासेल, दुसरा नाल्याचं पाणी कुठे वळलं ते सांगेल. बिलाचा शेवटचा हप्ता किमान एक पावसाळा निघेपर्यंत रोखून ठेवायची अट असावी, कारण बांधकामाची खरी तपासणी मृगानंतरच होते.

कराराच्या शेवटच्या वर्षाचं आजच लिहून ठेवा. सौर प्रकल्पात पॅनेल आणि लोखंडी खांब काढून नेणं, सिमेंटचे पाये उखडणं आणि जमीन नांगरटीजोगी करून देणं हा खर्च कंपनीचा. त्यासाठी शेवटच्या पाच वर्षांत दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात जमा व्हावी. जुनी पॅनेल २०२२ च्या ई-कचरा नियमांत येतात, ती धुऱ्यावर टाकून जाता येत नाहीत. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे दिल्याची पावती ग्रामपंचायतीत जमा झाली की मगच ती रक्कम सोडायची.